दुचाकी आणि बायसिकल: एकाच शब्दाच्या दोन वाटा

निळी_शाई (धागाकर्ती)

परवा लेकीच्या सायकलचं मागचं चाक डुगडुगत होतं म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. काकांनी सायकल उलटी केली, चाकाला एक गरका दिला आणि खडूचा तुकडा रिमच्या अगदी जवळ धरला. चाक जिथे बाहेर येतं तिथे रेघ उमटते. मग तिथले स्पोक एका बाजूने आवळायचे, दुसऱ्या बाजूने सैल करायचे. याला काका ‘आऊट काढणं’ म्हणतात. लेक (सातवी, सेमी इंग्रजी) हे बघता बघता म्हणाली, "आई, तू म्हणतेस ना इंग्रजी आणि मराठी लांबच्या नात्यातल्या? मदर-मातृ जुळतं, ब्रदर-भ्रातृ जुळतं. पण व्हील आणि चाक? एक अक्षर तरी जुळतंय का?"

नाही जुळत. पण हा एकच शब्द आहे. रात्री तिला समजावताना माझाच पाढा पक्का झाला, म्हणून इथे टंकते.

आपली बाजू सोपी आहे. चाक ← प्राकृत चक्क ← संस्कृत चक्र. इंग्रजीची बाजू मागे नेली की हजारेक वर्षांपूर्वीचं रूप मिळतं ‘ह्वेओल’. तेव्हा लिहायचेसुद्धा ह आधी, व नंतर. पुढे नॉर्मन वळणाच्या लेखनिकांनी अक्षरांची अदलाबदल केली आणि डब्ल्यूनंतर एच आला. बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडून तो ह आता गेलाय, पण स्कॉटलंड-आयर्लंडकडे अजून ऐकू येतो.

आता त्या ‘ह्व’ला धरा. इंग्रजीतले प्रश्न आठवा: व्हॉट, व्हेन, व्हेअर, व्हिच, आणि हू. हे सगळे जुन्या इंग्रजीत ‘ह्व’ने सुरू व्हायचे. आणि आपले? काय, केव्हा, कुठे, कोणता, कोण. त्यांचा ह्व तिथे आपला क. हा योगायोग नाही. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी या सगळ्यांची जी एक जुनी मूळ भाषा होती, तिच्यात हा ध्वनी ‘क्व’ होता. जर्मानिक शाखेत (इंग्रजी, जर्मन वगैरे) क्वचा ह्व झाला, आपल्याकडे त्यातला व गळून क उरला. लॅटिनने क्व जसाच्या तसा ठेवला: क्विस म्हणजे कोण, क्विद म्हणजे काय.

म्हणजे व्हीलमधला पहिला ध्वनी उलटा फिरवला की ‘क्व’ मिळतो. अभ्यासकांनी सगळ्या बहीण-भाषांची रूपं समोर ठेवून मूळ शब्द उभा केलाय तो *क्वेक्व्लोस. आधीची चांदणी म्हणजे हा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, हिशोबाने काढलाय. त्यात ‘क्वेल’ म्हणजे फिरणे हा धातू आहे आणि त्याचा पहिला ध्वनी दोनदा आलाय. आपण गरगर, भिरभिर, गिरगिर म्हणतो तसंच. पाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी फिरणाऱ्या लाकडी चकतीकडे बघून तिला ‘गरगर’ असं नाव दिलं असणार, असं मला आपलं वाटतं.

याच शब्दाचं ग्रीकमध्ये झालं ‘कुक्लोस’. ते लॅटिन-फ्रेंचमधून इंग्रजीत आलं आणि सायकल झालं. म्हणजे ‘सायकलचं चाक’ हा मुळात ‘चाकाचं चाक’ आहे.

आणि आता ज्याच्यासाठी धागा काढला ते. दुकानाच्या पाटीवर लिहिलंय ‘येथे सर्व प्रकारच्या दुचाकी दुरुस्त होतील’. दुचाकी = दु + चाक. बायसिकल = बाय + सिकल. लॅटिनचं बि- हे जुन्या ‘द्वि’चंच रूप, कारण लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा द्व जाऊन ब यायचा. म्हणजे दोन्ही तुकडे तेच. इंग्रजीत बायसिकल १८६८च्या सुमारास रुळला, तोही फ्रेंचमधून, अर्धा लॅटिन आणि अर्धा ग्रीक. आपण दुचाकी जोडला तो आपल्या घरच्या सामानातून. दोघांनी एकमेकांना न विचारता तेच दोन तुकडे जोडले.

आपापल्या कामातले, बोलीतले या कुळातले शब्द असतील तर टाका. फक्त ‘ऐकायला सारखा वाटतो’ एवढ्यावर टाकू नका, हात जोडते.

---

गाडीवान

मस्त धागा. सर्वात आधी ‘चाकोरी’ घ्या. हल्ली लोक ‘चाकोरीबाहेरचं करिअर’ म्हणतात, पण चाकोरी बघितली किती जणांनी आहे? पावसाळ्यानंतर ओली वाट वाळते तेव्हा बैलगाड्यांच्या चाकांनी पडलेल्या दोन खोल रेघा दगडासारख्या घट्ट होतात. तीच चाकोरी. गाडी एकदा तीत उतरली की कासरा ओढून काही होत नाही, बैलांनाही ते ठाऊक असतं. बाहेर काढायची तर एक चाक वर चढतं, गाडी कलंडते आणि वर बसलेला जोंधळ्याच्या पोत्यासकट खाली येतो. मी आलोय. त्यामुळे चाकोरीबाहेर जाण्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे.

आमच्या गाडीचं सामान सांगतो, नातं तुम्ही लावा: आस, आरे (म्हणजे स्पोक), तुंबा (चाकाचा मधला गड्डा), धाव (चाकावरची लोखंडी पट्टी), जू, शिवळा (जूच्या खुंट्या).

---

निळी_शाई

@गाडीवान, तुमच्या यादीत दोन हिरे आहेत.

आस ← संस्कृत अक्ष. इंग्रजीत अ‍ॅक्सल, लॅटिनमध्ये अ‍ॅक्सिस, ग्रीकमध्ये अक्सोन, सगळे सख्खे. शाळेत आलेखाच्या वहीवर आपण ‘क्ष-अक्ष’ लिहायचो आणि इंग्रजी माध्यमाची पोरं ‘एक्स-अ‍ॅक्सिस’. दोन्हीकडे तो गाडीचा आसच आहे.

जू ← युग. इंग्रजी योक, लॅटिन युगुम. योगही त्याच धातूचा, म्हणजे मुळात जुंपणं.

तिसरा तुमच्या यादीत नाही पण संस्कृतात आहे. चाकाच्या तुंब्याला संस्कृतात नाभि म्हणतात. इंग्रजीत तुंब्याचा जुना शब्द ‘नेव्ह’, आणि बेंबीचा ‘नेव्हल’. तेच ते. पण चर्चच्या मधल्या लांब भागाला जो नेव्ह म्हणतात तो वेगळा हं. तो लॅटिन नाविस, म्हणजे आपली नाव, नौका. एकाच अक्षरी दोन शब्द, दोन वेगळ्या घरचे.

---

सरळमार्गी

इतकं लांब कशाला जायचं? व्हील म्हणजे वळणे. व आणि ल दोन्ही जुळतात, अर्थही जुळतो. वलय पण आहेच.

आणि आपण मराठीत ‘व्हील’ लिहितो त्यात ह आहेच की. म्हणजे जुना उच्चार आपण टिकवला.

---

निळी_शाई

@सरळमार्गी, वळणेचा मोह मलाही झाला होता. पण जुळणारा व हाच अडचणीचा आहे. जुन्या इंग्रजीत व्हील नुसत्या व ने सुरूच होत नव्हता, ह्व ने होत होता. ह्व मागे नेला की क्व मिळतो, व नाही. वळणेचे सोयरे लॅटिनच्या ‘व्होल्वेरे’त सापडतात, म्हणजे इंग्रजीतलं रिव्हॉल्व्ह. नातं जोडायचंच तर वळणे आणि रिव्हॉल्व्हर यांचं जोडा.

व्ह बद्दल: आपण व्हॅन, टीव्ही, व्होट असंही लिहितो, आणि त्यांत कधीच ह नव्हता. तो आपला इंग्रजी व दाखवायचा रिवाज आहे, जुना उच्चार नव्हे.

---

सरळमार्गी

रिव्हॉल्व्हर काढलंत म्हणजे विषय संपला. माघार. 😀

---

गीर्वाण

माहिती छान आहे, पण एक कळत नाही. चक्र ऋग्वेदात आहे. ह्वेओल हजारेक वर्षांचा. मग जुना कोण? संस्कृतातून ग्रीक, ग्रीकमधून लॅटिन, तिथून इंग्रजी, असं सरळ म्हणायला आपल्याला लाज का वाटते? न सापडलेला चांदणीवाला शब्द कशाला मध्ये आणायचा?

---

उणादि

@गीर्वाण, प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर चक्र या शब्दातच दडलंय. थोडं लांब लिहितो, कंटाळा आला तर खाली जा.

शाळेत संस्कृतचा परोक्षभूतकाळ पाठ केला असेल. कृ चं काय? चकार. गम् चं? जगाम. धातूचं पहिलं अक्षर दोनदा म्हणायचं हा नियम. मग ‘ककार’ का नाही? ‘गगाम’ का नाही? बाईंनी सांगितलं असेल, अभ्यासात (म्हणजे दोनदा म्हटलेल्या त्या पहिल्या अक्षरात) क चा च होतो, ग चा ज होतो, पाठ करा. पाणिनीनेही नियम दिलाय. पण का होतो?

ग्रीकमध्ये हीच द्विरुक्ती असते आणि तिथे पहिल्या अक्षरात नेहमी ‘ए’ असतो. ग्रीक आणि लॅटिनमध्ये अ, ए, ओ हे तीन ऱ्हस्व स्वर वेगळे आहेत. संस्कृतात तिन्हींचा अ झालाय. आता समजा आपल्या पूर्वजांच्या बोलीतही आधी ‘केकार’सारखं काही होतं. ए म्हणताना जीभ टाळूकडे पुढे सरकते आणि आधीच्या क ला ओढून च करते. नंतर ए चा अ झाला. क बदलला, ज्याच्यामुळे बदलला तो स्वर मात्र पुसला गेला. चकारमधला च म्हणजे त्या हरवलेल्या ए चा वण आहे.

चक्र बघा. *क्वेक्व्लोस. पहिला क्व ए पुढे आहे, म्हणून च. दुसऱ्याच्या पुढे ल आहे, ए नाही, म्हणून क तसाच, आणि ल चा र. एकाच शब्दात एकच व्यंजन दोनदा आलंय आणि दोन रूपांत बाहेर पडलंय. लॅटिनशी ताडून बघा: क्विन्क्वे म्हणजे पञ्च, आणि ‘आणि’ या अर्थाचा क्वे म्हणजे आपला च. ए असेल तिथे च. कः, कदा, कुत्र यांत क, कारण तिथे ए नव्हता.

आता तुमच्या प्रश्नावर येतो. च कुठून आला हे सांगायला ए लागतो. तो ए संस्कृतात नाही, ग्रीक-लॅटिनमध्ये आहे. संस्कृत जर आई असती तर तिच्याकडे नसलेला ए लेकींना बरोबर त्याच त्या जागी कसा मिळाला? म्हणून संस्कृत ही थोरली बहीण, फार देखणी जपणूक केलेली, पण आई नव्हे. चांदणीवाला शब्द हौसेने आणलेला नाही, त्याच्याशिवाय चकारचा च सुटत नाही. हा तालव्यीकरणाचा नियम १८७०च्या दशकात चार-पाच जणांना जवळपास एकाच वेळी सुचला.

आणि संस्कृतला द्यायचं श्रेय द्यायलाच हवं. भाषा-अभ्यासक रास्कने १८१८ मध्ये आणि ग्रिमने १८२२ मध्ये जर्मानिक शाखेतले बदल मांडले: प चा फ (पद-फूट), त चा थ (त्रि-थ्री), क चा ह (लॅटिन केंटुम, इंग्रजी हंड्रेड). पण जुन्या इंग्रजीत ब्रदरमध्ये थ आणि फादरमध्ये मात्र द, हे त्यांना सुटेना. दोन्हीकडे संस्कृतात त आहे. १८७५ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल व्हर्नरला ते सुटलं, आणि सुटलं कशामुळे, तर वैदिक स्वरांमुळे! भ्रातृ मध्ये उदात्त (वरचा सूर) पहिल्या अक्षरावर, पितृ मध्ये शेवटच्या. उदात्त त च्या आधी असेल तर थ, नंतर असेल तर द. आपल्या वैदिकांनी हात-मान हलवत जो स्वर जपला, त्याने फादरमधल्या द चं कोडं सुटलं. जुन्या इंग्रजीत ह्वेओलचं ‘ह्वेओगोल’ असंही रूप सापडतं. तो ग पण याच नियमाचा, कारण चक्र मध्येही उदात्त शेवटच्या अक्षरावर आहे.

---

गीर्वाण

‘वण’ पटला. थोरली बहीण चालेल. 🙏

---

बाकावरची_मुलगी

चकार का ते बावीस वर्षांनी कळलं. आमच्या बाईंना विचारलं होतं तर बाकावर उभं केलं होतं.

वाचनखूण साठवली.

---

रसवंतीवाला_नातू

उसाच्या रसाच्या गुऱ्हाळात जो यंत्राचा भाग असतो त्याला आम्ही चरक म्हणतो. लाकडी चरक, बैलाचा, माझ्या आजोबांचा होता. आता मोटारीचा आहे आणि चाकाला घुंगरू बांधलेत, गिऱ्हाईकाला लांबून ऐकू यावं म्हणून. मला वाटायचं आयुर्वेदातल्या चरकाचं नाव आहे. आजोबा तसंच सांगायचे, रस औषधी म्हणून.

हा या कुळातला का?

---

निळी_शाई

अगदी कुळातला, पण फिरून आलेला! प्राचीन इराणी भाषेत चक्रचं रूप होतं चख्र. फारसीत अक्षरांची जागा बदलून झालं चर्ख, म्हणजे चाक. तोच दख्खनी-मोगली अमदानीत आपल्याकडे आला: चरखा, चरखी, आणि उसाचा चरक. म्हणजे मराठीत चाक हा घरचा आणि चरक हा मावसभावासारखा इराणहून आलेला. आयुर्वेदाचे चरकाचार्य वेगळे, ते चर् म्हणजे फिरणे या धातूवरून.

आणि गंमत पुढे आहे. चर् हा धातू म्हणजे तोच *क्वेल! म्हणजे आजोबांचं चुकलं खरं, पण फार लांब नाही चुकलं.

इराणमध्ये सायकलला काय म्हणतात माहितीये? दोचर्खे. दो म्हणजे दोन, चर्ख म्हणजे चाक. दुचाकी, बायसिकल, दोचर्खे. तिसरी जोडी.

---

फिरता_रंगमंच

चर् म्हणजे *क्वेल हे ठरलं असेल तर माझी भर. लॅटिनमध्ये क्वेलचं झालं ‘कोलेरे’. जमिनीवर वावरणे, कसणे, राहणे. त्यातून कल्चर, अ‍ॅग्रिकल्चर आणि कॉलनी.

आमच्या कॉलनीत रोज संध्याकाळी गुरं चरतात. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकताना आता मी नम्रपणे लिहिणार आहे की ‘कॉलनी’ आणि ‘चरणे’ एकाच धातूचे असल्याने गुरांचा हक्क मोठा आहे.

---

टपरीवर_भेटू

चारा, संचार, आचार, विचार, चरित्र हे सगळे आलेच मग त्यात. अरे देवा, ‘विचार’ म्हणजे डोक्यात गुरं सोडणं.

---

श्टुटगार्टकर

इकडे जर्मनीत चाकाला ‘राड’ म्हणतात आणि सायकलला ‘फाराड’. पहिल्यांदा आलो तेव्हा माझ्या कानाला तो राडा वाटायचा. नंतर कळलं राड म्हणजे लॅटिन रोटा, आणि म्हणजेच आपला रथ! एका गाडीभर लोकांचा रथ इथे प्रत्येकाच्या टांगेखाली आहे. सकाळी ऑफिसला ‘रथातून’ जातो म्हणून बायकोला सांगतो, ती म्हणते पंक्चर काढून आण.

पण मग प्रश्न: मूळ भाषेत चाकाला दोन शब्द होते का? एक चक्रवाला, एक रथवाला?

---

उणादि

होय, दोन्ही होते. एक ‘क्वेल’ फिरणे वरून, दुसरा ‘रेत’ म्हणजे धावणे-लोळणे वरून. संस्कृतात रथ हा चाकावरून वाहनावर गेला. उलट दिशेनेही झालंय: पश्चिम चीनमधल्या तरीम खोऱ्यातल्या तोखारी भाषेत, जिच्या पोथ्या वाळवंटात सापडल्या, ‘कोकाले’ म्हणजे गाडी, पण शब्द चक्रचा भाऊ. लिथुआनियनमध्ये ‘काक्लास’ म्हणजे मान. फिरते ना, म्हणून. लॅटिनमध्येही मान म्हणजे कोल्लुम, फिरण्यावरूनच, त्यातून इंग्रजी कॉलर.

---

मांडवीकाठ

आमच्याकडे गोव्यात जुनी माणसं चाकाला रोद म्हणतात, पोर्तुगीज रोदावरून. म्हणजे तोही रथाच्याच घरचा. आणि सायकलला बिसिक्लेट. माझी आजी ‘बिसिक्लेटीची रोद फुटली’ म्हणायची. तुमच्या हिशोबाने त्या एका वाक्यात दोन्ही घराणी आली.

---

बंदरावरचा

सायक्लोन विसरू नका. हा शब्द ग्रीसमध्ये तयार झाला नाही, तो बनवला गेला आपल्या कलकत्त्यात. हेन्री पिडिंग्टन नावाचे जहाजावरचे जुने कप्तान तिथे स्थायिक होते. बंगालच्या उपसागरातल्या वादळांच्या नोंदी ठेवायचे. वारा सरळ वाहत नाही, वेटोळं घालतो हे दाखवायला त्यांनी १८४८च्या आपल्या पुस्तकात सापाच्या वेटोळ्याचा अर्थ धरून ग्रीक कुक्लोसवरून सायक्लोन शब्द काढला. मराठीत आपण चक्रीवादळ केलं. भाषांतर करणाऱ्याला कल्पनाही नसेल की त्याने शब्दाला त्याच्या मूळ घरचाच कपडा घातलाय.

इंग्रजीत आणखी एक आहे, ‘चकर’. पोलोच्या खेळातला सात-साडेसात मिनिटांचा एक डाव. ते आपलं चक्कर. योगवाल्यांमुळे चक्रही इंग्रजी शब्दकोशात आहे. म्हणजे व्हील, सायकल, चक्र, चकर: एका भाषेत तोच शब्द चारदा, चार दारांनी.

---

शंकासूर

सगळं ठीक. पण मला एक पटवा. माणसाच्या तोंडातून निघणारे आवाज किती, पन्नास-साठ? हजारो शब्द घेतले की काही जुळणारच. हे सगळं योगायोगाने जुळलेलं नाही हे कसं कळतं?

---

उणादि

शंकासूरजी, याचं उत्तर तुमच्या बोलण्यात रोज येतं. फारसी ‘बद’: बदनाम, बदफैली, बदमाश. इंग्रजी ‘बॅड’. उच्चार तोच, अर्थ तोच. आणि नातं शून्य. मागे नेलं की दोघे दोन दिशांना जातात, नियमात बसत नाहीत. म्हणजे ही पद्धत नुसती जुळवाजुळव असती तर तिने बद-बॅड सगळ्यात आधी पदरात घेतलं असतं. तिने ते टाकलं आणि एक अक्षर न जुळणारे व्हील-चाक घेतले. दिसण्याला इथे किंमत नाही. ह्व-क ही अदलाबदल प्रश्नार्थक शब्दांच्या आख्ख्या रांगेत दिसते का, हे बघायचं.

---

प्रवराकाठ

माझं गाव श्रीरामपूर तालुक्यात. दायमाबाद आमच्यापासून जवळ. १९७४ मध्ये तिथे जमिनीखाली चार कांस्य वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा, आणि बैलजोडी जुंपलेला रथ, वर उभा माणूस. रथ साधारण ४५ सेंटिमीटर लांब. लहानपणी शाळेच्या पुस्तकात त्याचं चित्र होतं आणि गुरुजी म्हणाले, "ही आपल्या प्रवरेची गाडी." तेव्हापासून चाकांचा नाद आहे.

धातू बोलत नाही, त्यामुळे ते लोक त्या चाकाला काय म्हणत असतील ते मी सांगणार नाही. पण चाकाच्या वयावरून शब्दाचं वय काढता येतं, ते सांगतो. पोलंडमध्ये ब्रोनोचित्से इथे एका मडक्यावर चारचाकी गाडीचं चित्र आहे, इसवी सनापूर्वी ३५००च्या आसपासचं. स्लोव्हेनियात ल्युब्लियानाच्या दलदलीत २००२ साली खरं लाकडी चाक मिळालं, आसासकट, पाच हजार वर्षांहून जुनं. चाक अ‍ॅश लाकडाचं, आस ओकचा. आणि आस चाकात घट्ट ठोकलेला, म्हणजे आसही चाकाबरोबर फिरायचा.

आता हिशोब करा. चाक, आस, जू हे शब्द भारतापासून युरोपापर्यंतच्या बहिणींकडे आहेत, आणि प्रत्येकीच्या उच्चारनियमातून गेलेले आहेत. म्हणजे मूळ भाषेचं घर फुटून बहिणी वेगळ्या व्हायच्या आधीच गाडी घरात होती. चाक सापडतं तेच साडेपाच हजार वर्षांपूर्वीपासून, तर घरही त्याच्या फार आधी फुटलेलं नसणार. फक्त हिटाइट भाषेत (आजच्या तुर्कस्तानातली जुनी बहीण) चाकाला वेगळाच शब्द आहे, ‘हुर्की’. ती शाखा गाडी यायच्या आधी निघून गेली, असं बरेच अभ्यासक मानतात. जू मात्र तिच्याकडेही आहे, ‘युगन’. नांगराला बैल होते, गाडी नव्हती.

---

गाडीवान

@प्रवराकाठ, आस चाकासकट फिरणारा म्हणजे वळणावर गाडी बोंबलणार! दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरली तर बाहेरचं चाक फरपटतं. आमच्या गाडीत आस लोखंडी आणि घट्ट, चाक त्याच्यावर फिरतं, आणि वंगण कमी पडलं की गावभर ऐकू जातं.

बरं, माझ्या यादीतले आरे राहिलेत. त्यांचं कोणी काही बोललंच नाही.

---

प्रवराकाठ

आरे राहिलेत कारण तिथे जोड मिळत नाही! संस्कृतात अर. वेदात बारा आऱ्यांचं चक्र येतं. लॅटिनमध्ये रादिउस, म्हणजे ज्यातून रेडियस आणि रेडिओ आले. ग्रीकमध्ये क्नेमे, म्हणजे नडगी! इंग्रजीत स्पोक. चौघांचे चार शब्द, एकमेकांशी संबंध नाही.

कारण साधं आहे. पहिली चाकं भरीव होती, फळ्या जोडून केलेली. आऱ्यांचं हलकं चाक आलं इसवी सनापूर्वी २०००च्या सुमारास, उरल पर्वताच्या दक्षिणेला सिन्ताश्ता या जुन्या वस्तीच्या थडग्यांत त्याच्या खुणा आहेत. तोवर बहिणी लांब पांगल्या होत्या. ज्याने त्याने आपापलं नाव ठेवलं.

---

निळी_शाई

@प्रवराकाठ, आज सायकल आणायला गेले तेव्हा हे काकांना सांगितलं. चाक आणि व्हील एक, आस आणि अ‍ॅक्सल एक, पण आरा आणि स्पोक वेगळे.

काका ब्रेकची तार ओढत होते. म्हणाले, "बरोबर आहे. स्पोक नंतर बसवतात."